समर्पणवहीतले एकतिसावे नाव

शिरूर,
सोमवार, १० मार्च २०२५

श्रीमती सुलक्षणा हिस सलाम.

चौदा वर्षांनी लिहीत आहे, तेव्हा प्रथमच स्पष्ट करते की हे समेटाचे पत्र नाही. मला एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे. काल, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेनऊच्या उपासनेस तू शिरूरच्या मंदिरात आली होतीस काय?

प्रश्नाचे कारण सांगणे आवश्यक आहे. यंदा मंदिरास सव्वाशे वर्षे होत आहेत. पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी बिशपसाहेब येणार असून मी स्वतः रचलेले स्तोत्र गायकवृंद सादर करणार आहे. या निमित्ताने आपल्या आबांची, गायकांच्या नावांची समर्पणवही संपूर्ण वाचावी, असे मी ठरवले. यापूर्वी ती शताब्दीच्या वर्षी आबांनी वाचली होती, हे तुला आठवत असेल. वृंदात येताना प्रत्येकाने मेजावर हात ठेवून म्हणायचे ते वाक्य आजही पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात आहे: ‘माझा आवाज मी या मंदिराच्या सेवेस देत आहे, तो आता माझा नाही.’ नाव पुकारले की हयात गायकाने ‘हजर’ म्हणायचे. जे निवर्तले त्यांच्या नावापुढे क्रूस आहे. जे वृंद सोडून गेले त्यांच्या नावापुढे ‘मोकळीक’ असा शब्द व तारीख आहे. ही दोन्ही प्रकारची नावे केवळ वाचायची, उत्तराची वाट पाहायची नाही.

तुझ्या नावापुढे काही तांत्रिक कारणाने दोन्हीपैकी एकही खूण नाही. नियमाप्रमाणे मला ते पुकारावे लागले. मी ‘क्रमांक एकतीस, सुलक्षणा भिमाजी उजागरे’ असे वाचले आणि नियमाप्रमाणेच क्षणभर थांबले. स्त्रियांच्या खालच्या सुराच्या ओळीतून उत्तर आले: ‘हजर.’

त्या ओळीच्या टोकाला शितल उभी असते. रांजणगावच्या एका कंपनीत मालाची तपासणी करते. मुलगी नेमकी आहे. तिने उत्तर आले त्या बाजूला मान वळवली. तिच्या त्या बाजूला भिंत आहे.

मी वही मिटली आणि पहिले गीत सुरू केले. दुसऱ्या कडव्यात तो आवाज पुन्हा आला व शेवटपर्यंत राहिला. तू मागच्या दाराने येऊन खांबाआड उभी राहिलीस, असे मी गृहीत धरते. ही रीत मला मान्य नाही. मात्र न्यायाने सांगणे भाग आहे की तू शिकली आहेस. गाण्यात एकही हरकत नाही, एकही मनचा हेलकावा नाही. लिहिला तसा सूर. वृंदात परतण्याची इच्छा असल्यास लेखी अर्ज करावा.

इंदुमती


शिरूर,
सोमवार, २४ मार्च

सुलक्षणा,

तुझ्याऐवजी प्रांजलचा फोन आला. तुझी मुलगी इतकी मोठी झाली, हे मला तिच्या बोलण्यावरून समजले. ती जे म्हणाली ते मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

“मावशी, तुमचं पत्र मम्मीनं वाचलं. ती काय दौंडहून शिरूरला येती? तिचा आवाजच गेलाय. परवाच्या नऊ तारखेला दवाखान्यात गात होती, बायकांच्या वॉर्डात, दर बुधवारी आन् रविवारी जाती तशी. ओळ अर्धी म्हटली आन् बंद. सगळ्यांना वाटलं ठसका लागला. डॉक्टर म्हणत्यात घसा एकदम क्लिअर हाय, काहीच न्हाई. आता पाटीवर लिहिती. सकाळी उठले तर पाटीवर, दूध उतू गेलं म्हणून. उतू जाऊन थंड पण झालं होतं!” ती हसली.

मी वेळ विचारली.

“साडेनऊ, पावणेदहा. का हो?”

मी ‘सहज’ म्हणाले. ते खरे नव्हते.

त्यानंतरच्या दोन रविवारी मी शास्त्रशुद्ध पडताळणी केली. मागचे दार कुलूपबंद केले. सरावाला अकरा गायक एकामागून एक गप्प केले. प्रत्येक वेळी उरलेल्यांत तो आवाज होताच. शेवटी अकराही जणांना तोंड मिटून उभे केले आणि पेटीवर केवळ पहिला सूर धरला. हौसराव घंटेचा दोर सोडून दारात येऊन उभा राहिला. आबांच्या वेळेपासूनचा माणूस. त्याला कशाचे नवल वाटत नाही.

“अक्का,” तो म्हणाला, “पुरं करा आता. पोरी भ्याल्यात.”

मी पेटी थांबवली. आवाज कडवे पूर्ण करून मगच थांबला.

शितलने मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले होते. ते मी घरी अकरा वेळा ऐकले. गाण्याविषयी शंका घेता येते. कानाला भास होतात, दगडी भिंतींना घुमारा असतो. पण दुसऱ्या कडव्याआधी कुणीतरी श्वास घेतला आहे. लहान, अर्धवट, नाकाने घेतलेला. तळेगावच्या घरात सोळा वर्षे आपण एका गोधडीत झोपलो. तो श्वास कुणाचा आहे, हे मला दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यायची गरज नाही.

तुझी प्रकृती इतर बाबतीत कशी आहे ते कळवावे.

इंदुमती


शिरूर,
शुक्रवार, ४ एप्रिल

सुलक्षणा,

तू विचारले आहेस, ‘अक्का, तो तिथं आहे का?’ पाटीवर लिहिण्याच्या सवयीने तुझे अक्षर मोठे झाले आहे. होय. आहे.

आता हेही लिहिते की मला हे पहिल्या रविवारीच कळले होते. खांबाआड तू नव्हतीस. मी उपासना संपताच जाऊन पाहिले होते. तरी तुला ते पत्र लिहिले. तुझा अर्ज यावा आणि सर्व काही रीतसर व्हावे, अशी माझी इच्छा होती.

मंदिर आता भरते. तळेगाव ढमढेऱ्याहून जीप करून लोक येतात, त्यात आपल्या मंडळीबाहेरचेही असतात. पहिल्या दोन रविवारी बायका रडल्या. तिसऱ्या रविवारी रडल्या नाहीत. त्या दिवशी झुंबरबाई काठी टेकत माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांना दिसत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे त्या कुणाचीच भीड ठेवत नाहीत.

“मास्तरीणबाई, धाकलीचा आवाज हाय ह्यो.”

“आपला गैरसमज आहे.”

“माझं डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं. तिच्या आवाजावर तर म्या माझ्या लेकाला मातीआड केलं. आवाज तिचाच हाय.” त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. “पर त्यात ती न्हाई. घर हाय, दिवा हाय, आन् मानूस न्हाई, असं वाटतं बगा. म्या म्होरल्या ऐतवारी येत न्हाई. मला भ्या वाटतं.”

मी त्यांना म्हणाले की भक्तीत भीतीला स्थान असतेच. वाक्य चांगले होते. त्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

मी तुझ्याकडे नेहमी जे मागत होते ते हेच होते, सुलक्षणा: आज्ञेत राहणारा आवाज. मी तालाची काठी उचलली की येतो, कडवे संपून ती खाली ठेवली की थांबतो. दमत नाही. चूक दाखवावी लागत नाही. माझ्या स्तोत्राच्या अखेरच्या भागात एक एकल ओळ आहे. ती गेली सहा वर्षे मी कागदावरच ठेवली होती, कारण ती गाऊ शकेल असा गळा या तालुक्यात नव्हता. परवा सरावाला ती मी प्रथम ऐकली. मी लिहिली होती तशीच होती. मला आनंद झाला आणि त्याच वेळी मी काठी खाली ठेवली.

तुला मोकळीक कशी द्यायची ते मला माहीत आहे. वहीत तुझ्या नावापुढे खूण नाही त्याचे कारण तांत्रिक नाही. चौदा वर्षांपूर्वी तुला वृंदातून काढले त्या दिवशी मी तुझ्या नावावर लाल शाईची रेघ ओढली. ‘मोकळीक’ हा शब्द सेवा स्वीकारल्याचा सन्मान आहे, आणि तो तुला द्यायचा नाही, असे मी ठरवले होते. पाचशे माणसांसमोर मी तुझ्या हेलकाव्यांविषयी म्हणाले होते, “ही देवाची देणगी नव्हे, ही वाईट सवय आहे.” तू चपला हातात घेऊन गेलीस.

विनंती करते ती एवढीच. वीस तारखेला सण आहे. बिशपसाहेब एकदाच येतात. तोपर्यंत तो आवाज येथे राहू दे. एकवीस तारखेस सकाळी मी सर्व रीतसर करीन. सोळा दिवसांचा प्रश्न आहे.

इंदुमती


शिरूर,
सोमवार, १४ एप्रिल

सुलक्षणा,

तुझे कार्ड मिळाले होते. ‘अक्का, तुझं स्तोत्र चांगलं व्हावं. फक्त दवाखान्यातली नकुशीआजी दर बुधवारी माझी वाट बघती. ती फार दिवस नाही. जमलं तर लवकर कर.’ त्यात एक शब्दही रागाचा नव्हता, आणि मी ते वहीत खुणेसाठी घालून ठेवले.

गुरुवारी प्रांजलने कळवले की नकुशी भांडवलकर बुधवारी दुपारी वारल्या. “मम्मी उशाशी बसली होती, मावशी. आजी सारखी म्हणायची, ‘म्हण की ग, आज रुसलीस व्हय माझ्यावर?’ मम्मी तोंड उघडायची आन् नुसती हवा. आजीला वाटलं मम्मी मुद्दाम म्हणत न्हाई. तसंच वाटत गेली ती.”

मी त्या बाईंना कधी पाहिले नाही. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या, असे प्रांजल म्हणाली. भांडगावच्या माळी घरातल्या होत्या, आणि त्यांना तुझ्या गाण्यातला येशू कोण हे नीट ठाऊकही नव्हते. त्यांना फक्त ते ऐकले की झोप लागे. बुधवारी दुपारी त्या वेळेस मी सराव घेत होते. एकल ओळ तीन वेळा घेतली. तिन्ही वेळा उत्कृष्ट झाली.

काल, झावळ्यांच्या रविवारी, मी सणाची वाट न पाहता वही उघडली. सर्वांसमोर तुझे नाव पुकारले. ‘हजर’ आले. मी आबांचे वाक्य उच्चारले: ‘तुझी सेवा मंदिराने स्वीकारली आहे, जा, तू मोकळी आहेस.’ ‘मोकळीक’ लिहिले, तारीख घातली, सही केली. शाई वाळू दिली. मग गीत सुरू केले.

आवाज आला. पहिल्यापेक्षा स्वच्छ.

उपासनेनंतर मी पेटीजवळ बसून होते. लोकांनी भिंतीला टेकवून ठेवलेल्या झावळ्या हौसराव गोळा करत होता.

“भिमाजी मास्तर असं न्हवतं करत,” तो म्हणाला.

“वाक्य तेच आहे. मी शब्दही बदललेला नाही.”

“वाक्य हाय वो तेच. पर त्याच्या आदुगर मास्तर सांगायचं, त्या मानसानं काय दिलं त्ये. समद्यांम्होरं. एकच गोष्ट, पर खरी. माझ्या भावाला, भैरूला, मोकळं केलं तवा म्हनलं, ‘भैरूला सूर न्हाई, पर त्यो उभा राहिला की लहान पोरं दंगा करत न्हाईत, एवढी सेवा त्यानं केली.’ लोक हासली, भैरू बी हासला. मंग म्हनलं, जा, मोकळा हायेस.” त्याने झावळ्यांचा भारा उचलला. “तुमी नुसतं जा म्हनलात. काय दिलं ह्ये सांगितल्याबिगर कसं जाईल? त्यो आवाज थांबलाय ऐकायला.”

आबांनी हा भाग वहीत लिहिलेला नाही. लिहिला असता तर मी तो चुकवला नसता.

मला काय सांगावे लागेल ते मला कळते आहे. ते मी चौदा वर्षांत स्वतःशीही उच्चारलेले नाही. तुला ते आधी पत्रातून सांगावे, असे वाटत होते. पण हे पान मी चार वेळा फाडले आहे आणि आता टपालाची वेळ झाली आहे.

अक्का


शिरूर,
मंगळवार, २२ एप्रिल

सुलक्षणा,

रविवारी सकाळी काय झाले ते प्रांजलकडून तुला अर्धेच कळले असेल. दौंडला काय झाले ते मला तिने सांगितले: तू न्हाणीघरात कपडे पिळत होतीस आणि आतूनच ओरडलीस, “प्रांजल, नळ बंद कर!” मग दोघी एकमेकींकडे पाहत बसलात. ती सांगताना रडत होती आणि मध्येच म्हणत होती, “पहिला शब्द काय तर नळ बंद कर!” वेळ मी विचारली नाही. मला ठाऊक होती.

येथे असे झाले. बिशपसाहेब बसलेले होते, मंदिर दारापर्यंत भरले होते. मी काठी खाली ठेवली, वही घेतली आणि तुझे नाव पुकारले. ‘हजर’ आले. बिशपसाहेबांनी त्या ओळीकडे पाहिले.

मी जे बोलले ते शक्य तितके शब्दशः लिहिते. “क्रमांक एकतीस हिने दिलेली सेवा अशी. आमचे वडील भिमाजी मास्तर यांनी शेवटच्या दिवशी मला नव्हे, तिला गायला सांगितले. ती तीन तास गायली. आईच्या जात्यावरचे हेलकावे तिने देवाच्या गीतात मिसळले आणि वडिलांना वेदना जाणवल्या नाहीत. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूस उभी राहून तिच्या चुका मोजत होते. सतरा झाल्या. वडील गेले तेव्हा मी आकडा विसरू नये म्हणून मनात घोकत होते. त्यानंतर चौथ्या महिन्यात मी तिला या ठिकाणाहून काढले. तिने दिले ते मला कधीच देता आले नाही, हे त्याचे कारण होते. तुझी सेवा मंदिराने स्वीकारली आहे, सुलक्षणा. जा, तू मोकळी आहेस.”

शितलचा हात भिंतीवर होता. ती नंतर म्हणाली, भिंत एकदम गार लागली.

स्तोत्र आम्ही गायले. एकल ओळीच्या जागी काहीच आले नाही. अकरा जणांचे आवाज त्या रिकाम्या जागेभोवती अडखळले, पुरुषांची ओळ एक मात्रा आधी आली, आणि मी आयुष्यात प्रथमच एक बिघडलेली रचना न थांबवता शेवटापर्यंत नेली. झुंबरबाई आल्या होत्या. त्या ओल्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “आज मानसं गायली.”

हे सर्व येथेच संपले असते तर मी तुला क्षमेविषयी काही लिहिले असते. ते करण्याचा मला अजून अधिकार नाही, कारण मी आणखी एक गोष्ट केली.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी मी तुझ्या नावापाशी वही मिटली होती. वाचन अपुरे राहिले होते. अपुरे काम मला सहन होत नाही, हे तुला माहीत आहे. स्तोत्रानंतर मी बत्तिसाव्या नावापासून पुढे वाचायला घेतले. वृंद माझ्याकडे आल्यापासूनच्या बावीस वर्षांत मी लाल रेघ एकट्या तुझ्याच नावावर ओढलेली नाही. आणखी सहा आहेत. ती मी मोजलीही नव्हती.

‘क्रमांक अडतीस, गोकुळ रामा साळवे.’

पुरुषांच्या ओळीच्या मागून, जिथे खुर्च्या रचून ठेवतात तिथून, खर्जातून उत्तर आले: ‘हजर.’

मी वही मिटली. समारोपाच्या गीतात तो आवाज होता. निर्दोष होता. बिशपसाहेबांनी दारात माझा हात हातात घेऊन सांगितले, “बाई, स्तोत्राचे मनावर घेऊ नका. तुमचा खर्ज मात्र अप्रतिम आहे. कोण गातो?” मी नाव सांगितले. ते म्हणाले, त्याला जपा.

त्याला मोकळे करायला मी काल सकाळी एकटी मंदिरात गेले. नाव पुकारले; तो हजर होता. मी त्याने काय दिले ते सांगण्यासाठी तोंड उघडले आणि माझ्याजवळ काहीच नव्हते. इनामगावहून सायकलवर यायचा, तीन वेळा उशिरा आला, मी तिसऱ्या वेळेस त्याला पायरीवरूनच परत पाठवले, ते वर्ष २०१३ होते, त्याच्या शर्टाला ग्रीस लागलेले होते. एवढेच मला आठवते. नऊ वर्षे तो माझ्यासमोर उभा राहून गात होता आणि त्याच्या उशिराशिवाय मी त्याचे काही पाहिले नाही. मी अंदाजाने दोन वाक्ये बोलून पाहिली. ती खोटी असावीत. तो गेला नाही. मी दाराला कुलूप लावत असताना तो आत होता.

इनामगावात त्याचे कुणी राहिलेले नाही. शेजारी म्हणतात, दौंडच्या रेल्वे यार्डात कामाला लागला. कुणी म्हणते पाटसला. रविवारपासून त्याचे काय झाले असेल ते तू आणि मी, दोघीच जाणतो. त्याला मूल असेल, ते त्याला हाक मारत असेल.

तू खालच्या सुरात शेवटी उभी राहायचीस आणि तो तुझ्या मागे. तू माणसांशी बोलायचीस. मी त्यावरून तुला रागावत असे. त्याने काय दिले ते तुला आठवत असेल. खरी, एकच गोष्ट पुरे. आणि बुधवारी दवाखान्यात गेलीस की पुरुषांच्या वॉर्डात डोकावून ये. बोलता बोलता अचानक मुका झालेला, चाळिशीचा, कुणी आला असेल तर तुझी पाटी त्याच्यापुढे ठेव आणि नाव लिहायला सांग.

मग मला फोन कर. मध्यरात्र असली तरी चालेल. न्हावऱ्यावरून दौंडला पहिली एसटी सहाला आहे. मी वही घेऊन येते. त्याच्यानंतर पाच उरतात.

तुझी,
अक्का